चौकटीच्या सागाची गिटार: पार्ट गोळा करून इलेक्ट्रिक गिटार बनवायची तर खर्च किती आणि हातात काय येतं

आधी पैशाचं बोलून घेऊ, कारण मला विचारणारे सगळे तिथनंच सुरुवात करतात. स्वतः पार्ट आणून गिटार बनवली तर स्वस्त पडते का? नाही पडत. माझा हिशोब वहीत लिहून ठेवलाय तो जसाच्या तसा देतो, नेक (तारांखालची लांब दांडी) ५,८००, दोन पिकअपचा (तारांचं कंपन विजेत पकडणाऱ्या कॉईलचा) सेट २,४००, ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) १,३००, ब्रिज (बॉडीवरची घोडी) १,१००, पॉट (व्हॉल्यूम-टोन फिरवायचं बटण)-स्विच-जॅक-कपॅसिटर-वायर मिळून ७५०, कंट्रोल प्लेट, पिकगार्ड आणि स्क्रू ९००, तारा ५५०, मिस्त्रींची राऊटरची (लाकूड कोरायच्या मशीनची) मजुरी १,५००, सीलर-लॅकर-थिनर-पॉलिश पेपर ९०० आणि कॉपर टेप ३००. झाले १५,५००. लाकूड घरचं होतं म्हणून त्याचे पैसे यात नाहीत. सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, कानशी, सरळ पट्टी असल्या हत्यारांना अजून ३,००० गेले आणि पहिला नेक वाया गेला त्याचे ३,२०० वेगळे, म्हणजे सगळे मिळून २१,७००. एवढ्यात दुकानातनं चांगली तयार गिटार येते, वॉरंटीसकट, आणि उद्या विकायची म्हटली तर तिला गिऱ्हाईक पण मिळतं, आपण केलेल्या गिटारीला अर्धे पैसे पण कोण देत नाही. तेव्हा पैसे वाचवायला म्हणून यात पडू नका.

मी पडलो ते वेगळ्या कारणानं. माझी आधीची गिटार सातव्या फ्रेटवर (नेकवरची धातूची आडवी पट्टी) झणझणायची, तीन वर्षं तशीच वाजवली, दोष फ्रेटमध्ये आहे का नेकमध्ये का माझ्या बोटात तेच कळायचं नाही. आता कुठलाही नको तो आवाज आला की तो कुठनं येतोय हे मला दोन मिनिटांत समजतं आणि बहुतेक वेळा मीच नीट करतो. हत्यारांत आणि वाया गेलेल्या नेकमध्ये वर गेलेले सहा हजार मी त्या समजण्याचे धरतो आणि मला ते जास्त वाटत नाहीत.

पहिल्यांदाच करताय तर टेलिकास्टरच्या घाटाची करा. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण १९५० साली त्यानं या घाटाची जी गिटार बाजारात आणली तिचा नेक सरसानं न चिकटवता चार स्क्रूनं आवळलेला होता, खराब झाला तर काढून दुसरा बसवता यावा म्हणून. आज आपण एक पार्ट इथनं एक तिथनं आणून गिटार जोडू शकतो ते त्यामुळंच. सपाट फळी, दोन पिकअप, तीन पोझिशनचा स्विच, एक व्हॉल्यूम एक टोन, एवढंच. त्याचीच स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची, दिसायला देखणी आहे पण ट्रेमोलोच्या (सूर हलवायच्या दांडीच्या) स्प्रिंगांसाठी मागनं खोदकाम, कडांची गोलाई, पाच पोझिशनचा स्विच, ते दुसऱ्या वेळेला करा.

लाकडाचं सांगतो कारण मला सगळ्यात जास्त आनंद त्यात मिळाला. सांगलीतल्या खणभागातला आमचा जुना वाडा पाडला तेव्हा माजघराच्या दाराची सागवानी चौकट मी ठेवून घेतली होती, गच्चीवर दोन वर्षं पडून होती. क्वीन बँडचा गिटारवाला ब्रायन मे हा १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरी गिटार करायला बसला तेव्हा त्यानं जुन्या फायरप्लेसच्या लाकडातनं नेक कोरला होता आणि तीच गिटार तो पुढं आयुष्यभर वाजवत आला, हे वाचल्यापासनं ती चौकट डोक्यात होती. जुन्या लाकडाचा फायदा म्हणजे ते पुरतं वाळलेलं असतं, परत वाकत नाही. तोटा म्हणजे खिळे. लोहचुंबक फिरवून एकेक खिळा शोधून काढा, नाहीतर मिस्त्री राऊटर लावायलाच तयार होणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे, एका खिळ्यात बिट जातो. चौकटीचे सोळा-सोळा इंचांचे तीन तुकडे करून शेजारी शेजारी चिकटवले. सागात तेल असतं म्हणून चिकटवायच्या आधी जोडाच्या कडा थिनरनं पुसा आणि लगेच फेविकॉल लावून रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवा, पुसायचं राहिलं तर जोड पुढं उघडतो. जाडी ४५ मिलिमीटर ठेवा.

साग जड असतो हे मात्र ध्यानात घ्या, माझी गिटार सव्वाचार किलो भरली. दोन-दोन तास उभं राहून वाजवणार असाल तर तुनीचं लाकूड बघा, मिरजेत सतार-तंबोऱ्याला तेच वापरतात, वजनाला बरंच हलकं असतं.

नेक कधीही स्वतः बनवायला जाऊ नका, निदान पहिल्या गिटारीला तरी, तो विकतच घ्या आणि सगळ्यात जास्त पैसे त्यातच घाला. पिकअप स्वस्तातले चालतात, नंतर बदलता येतात. नेक वाईट असला तर सगळंच वाईट. मी पहिला नेक फोटो बघून ऑनलाईन मागवला, दिसायला लई सुंदर, पण त्याला पीळ होता आणि विकणाऱ्यानं परत घेतला नाही. पीळ बघायचा कसा, तर नेकचं बुड डोळ्याजवळ धरून नटच्या (वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) दिशेनं बघायचं, शेवटचा फ्रेट आणि पहिला फ्रेट या दोन रेघा एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत, एक रेघ कलती दिसली की पीळ आहे. सुतार फळी बघतो तसंच. नेक पुढं-मागं वाकला असेल तर आतला ट्रस रॉड (लोखंडी सळई) तो सरळ करतो, पीळ ट्रस रॉडनं जात नाही. त्यामुळं घेतानाच परतीची अट लिहून घ्या आणि आला त्या दिवशीच बघा.

नेक हातात आल्याशिवाय बॉडीला खाच पाडू नका. कागदावर खाच ५६ मिलिमीटर रुंद आणि १६ खोल असते पण प्रत्येक नेक अर्धा-पाऊण मिलिमीटर इकडं तिकडं असतो. आमच्या मिस्त्रीकाकांना मी नेकच नेऊन दिला, म्हणालो काका आकड्यावर जाऊ नका, याच्यावर कापा. त्यांनी आधी प्लायवूडचा साचा केला, त्यात नेक घट्ट बसला तेव्हाच सागाला हात लावला, आणि शेवटचं बारीक काम पटाशीनं. स्क्रू न लावता नेक धरून उचलला तर बॉडी सोबत उचलली जाते, इतकं फिट पाहिजे.

आता ब्रिजची जागा. सगळी गिटार सुरात वाजणार का नाही ते इथंच ठरतं. या घाटाच्या नेकला नटपासनं सॅडलपर्यंतचं (ब्रिजवर तार टेकते त्या सरकत्या तुकड्यापर्यंतचं) अंतर ६४८ मिलिमीटर, म्हणजे नटपासनं बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ आणि तिथनं पुढं सॅडलपर्यंत परत ३२४. पातळ ई तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढं आणून ते ६४८ वर येईल असा ब्रिज ठेवा, कारण जाड तारांची सॅडल नंतर मागंच सरकवावी लागतात, पुढं नाही. लांबीनंतर आडवी जागा. शिवायचा दोरा घ्या, दोन्ही ई तारांच्या जागी नटपासनं ब्रिजपर्यंत दोन दोरे ताणून बांधा आणि बघा, नेकच्या दोन्ही कडांपासनं दोरा सारखाच आत आहे का. माझा एका बाजूला दीड मिलिमीटर कडेकडं सरकत होता, ब्रिज केसभर हलवला, परत बघितलं, असं पाऊणएक तास चाललं, आणि मगच भोकं पाडली. हे न करता भोकं पाडलीत तर वाजवताना पातळ ई तार फ्रेटवरनं खाली घसरते. ब्रिज घेताना तारा मागच्या कडेनं ओवता येतील असा घ्या, बॉडीतनं आरपार तारा न्यायच्या तर सहा भोकं एका ओळीत सरळ पाडायला ड्रिल स्टँड लागतो. आणि प्रत्येक स्क्रूला आधी बारीक भोक पाडून स्क्रूच्या आट्यांना साबण घासून मगच पिळा, कडक लाकडात कोरडा स्क्रू मुंडीपासनं तुटतो.

फ्रेटचं काम मी मिरजेत जाऊन शिकलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं पण सतारमेकर गल्लीतलं काम पिढ्यान् पिढ्यांचं. तिथल्या एका चाचांना नेक दाखवला, त्यांनी गिटार कधी केलेली नव्हती, पण नेक उजेडाकडं धरून पट्टी ठेवली आणि लगेच म्हणाले, नववा पडदा (फ्रेटला ते पडदाच म्हणतात) वर आलाय. मग म्हणाले, आमचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, सूर हलला की सरकवतो, तुझे ठोकलेले, तुला घोडीच सरकवावी लागणार. इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर खरा लागणं, काय असतं हे मला त्या एका वाक्यात कळलं. जवारीचं पण त्यांनीच दाखवलं, सतारीत घोडीचा माथा घासून तार त्याला जराशी लागत राहील असं करतात, त्यातनं तो झणकार येतो, आणि गिटारीत आपल्याला बरोबर उलटं पाहिजे, तार कुठंच नको तिथं लागता कामा नये. कानस धरायचा हात मात्र दोन्हीकडं एकच, तिच्या वजनानंच चालवायची, दाबायची नाही.

करायचं असं. ट्रस रॉडनं नेक सरळ करा, फ्रेटच्या मधल्या लाकडावर मास्किंग टेप लावा, सगळ्या फ्रेटच्या माथ्यावर मार्करनं शाई लावा, आणि सपाट पट्टीला ४०० चा पेपर चिकटवून लांबीनं हलक्या हातानं घासा. जिथली शाई आधी जाते तो फ्रेट उंच. सगळ्यांची शाई पुसली की थांबा, एक फेरा पण जास्त नको. मग चपटे झालेले माथे कानशीनं परत गोल करा आणि ६०० पासनं २००० पर्यंतच्या पेपरनं चकाकी आणा. मला दोन रविवार लागले. उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागतात, ती तेव्हाच जराशी तिरकी घासून घ्या.

रंगाचं थोडक्यात, सीलरचे दोन हात, मधे घासणं, वर लॅकर. पावसाळ्यात मारू नका, पांढरट धुकं धरतं.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. सिंगल कॉईल पिकअपला २५० के चे पॉट आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, हमबकर (दोन कॉईलचा पिकअप) असेल तर ५०० के आणि ०.०२२. पिकअप बसवायच्या आधी मल्टीमीटर लावा, सिंगल कॉईल साधारण ५ ते ८ किलो-ओहम दाखवतो, काहीच दाखवलं नाही तर आतली केसासारखी तार तुटलीय. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नाही ही सगळ्यांची तक्रार असते, पाठ आधी पॉलिश पेपरनं खरवडा आणि २५ वॅटच्या ऐवजी ६० वॅटचं आयर्न दोन-तीन सेकंद टेकवा, थंड आयर्न जास्त वेळ धरल्यानं पॉट उलट लवकर खराब होतो. खोबणीला आतनं कॉपर टेप लावून ती ग्राउंडला जोडा.

एक वायर ब्रिजच्या पत्र्याखालनं व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर येते, ती म्हणजे तारांचं ग्राउंड. माझी गिटार पहिल्या दिवशी भणाणत होती, दिवसभर सगळं उलटंपालटं करून बघितलं, संध्याकाळी मल्टीमीटरनं ब्रिज ते जॅक बघितलं तर कनेक्शनच नाही, पत्र्याखाली दाबलेल्या वायरचं प्लास्टिकच सोललेलं नव्हतं. तारांना हात लावल्यावर भणभण कमी झाली तर ग्राउंड बरोबर आहे. पण याचाच अर्थ तारा ॲम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात, म्हणून घरातल्या थ्री-पिन सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडनं तपासून घ्या. जुन्या घरात तिसरं भोक नुसतंच असतं. हे टाळू नका, जिवाशी खेळ आहे. सिंगल कॉईलची थोडी भणभण मात्र राहणारच, ती लाईनच्या ५० हर्ट्झची असते, ती घालवायलाच १९५५ च्या सुमाराला गिब्सन कंपनीत सेथ लव्हरनं उलट वेटोळ्यांच्या दोन कॉईलचा हमबकर केला.

तारा चढवा, ९ ते ४२ चा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) सेट सुरुवातीला बरा. सुरात लावून मग मापं घ्या, आधी नाही. जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला दाबून धरा, सातव्या फ्रेटवर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट पाहिजे, जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेरा आवळा आणि परत सूर लावून बघा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड बाजूला २ मिलिमीटर, पातळ बाजूला दीड. मग प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा सूर) आणि तिथंच दाबून येणारा सूर, सूर दाखवणाऱ्या ट्यूनर यंत्रावर ताडून बघा, दाबलेला चढा असेल तर सॅडल मागं घ्या, उतरा असेल तर पुढं.

नवीन नेक पहिले काही दिवस हलतो, त्यामुळं आठ दिवसांनी हे सगळं परत करा. कृष्णाकाठी हवा पण स्वस्थ बसू देत नाही, मे महिन्यात सगळं आटलेलं आणि जुलैत भिंतींना ओल, म्हणून मी पाऊस लागला की एकदा आणि दिवाळी झाली की एकदा व्हिजिटिंग कार्ड आणि ट्रस रॉडची चावी घेऊन बसतो. व्हॉल्यूमच्या नॉबशेजारी चौकटीच्या एका खिळ्याचं भोक मी मुद्दाम बुजवलेलं नाही, आई येता-जाता त्यावर बोट ठेवते, तोरण त्याच खिळ्याला बांधायचो म्हणते.