विज्ञानमालिकेतलं पुढचं वळण आधीच कसं ओळखावं

पुढे ‘वेस्टवर्ल्ड’, ‘लॉस्ट’, ‘डार्क’, ‘सेव्हरन्स’, ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ आणि ‘डॉक्टर हू’ या मालिकांची मोठमोठी रहस्यं मी बिनदिक्कत फोडणार आहे. यातली एखादी पाहायची राहिली असेल तर आधी ती पाहून या. हा लेख कुठे पळून जात नाही.

या विषयावरचा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी सल्ला म्हणजे ‘प्रत्येकावर संशय घ्या’. प्रत्येकावर संशय घेतला की कोणीतरी एक जण दोषी निघतोच, आणि मग आपण ओळखलं असं समजून माणूस खूश होतो. त्याला अंदाज म्हणत नाहीत. अंदाज म्हणजे कोण, काय, कसं आणि साधारण कधी हे भाग येण्याआधी सांगता येणं, आणि का ते पटवून देता येणं.

मालिका सोडवण्याजोगी आहे का ते बघा

काही मालिकांत उत्तर पहिल्या भागापासून ठरलेलं असतं, काहींत लेखकालाच ते नंतर सापडतं. यंत्रमानवांनी भरलेल्या करमणूक उद्यानावरच्या ‘वेस्टवर्ल्ड’चा पहिला सीझन (2016) पहिल्या प्रकारचा. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ दुसऱ्या प्रकारची. तिच्या सुरुवातीच्या पाट्यांवर सायलॉनांकडे, म्हणजे माणसांवर उलटलेल्या यंत्रमानवांकडे, एक योजना आहे असं भाग सुरू होताना बजावलं जायचं, पण शेवटचे पाच छुपे सायलॉन कोण हे लेखकांनी तिसऱ्या सीझनच्या सुमारास ठरवलं. म्हणजे या पाचांतला एक निघालेल्या कर्नल टायचं पहिल्या दोन सीझनमधलं प्रत्येक वाक्य खरवडून काढलं तरी हाती काही लागणार नव्हतं, कारण तिथे काही पुरलेलंच नव्हतं. निर्मात्यांच्या मुलाखती वाचा. ‘आम्हाला शेवट माहीत आहे’ असं सगळेच म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका. किती सीझन लागतील हे ते ठामपणे सांगतात का ते बघा. ‘डार्क’ तीन सीझनची ठरवली होती आणि 2017 ते 2020 या काळात तीनच सीझनमध्ये संपली. अशा मालिकेवर वेळ घालवलेला वाया जात नाही.

दोनदा पाहा

पहिल्यांदा न थांबवता, दुसऱ्यांदा सबटायटल लावून. मागील भागांची झलक वगळू नका. चार भागांपूर्वीचं एखादं फुटकळ दृश्य त्या झलकेत आज अचानक आलं, तर आजच्या भागात त्याचं काम आहे.

मालिकेचा नियम एका वाक्यात लिहा

विज्ञानमालिकेचं इतर रहस्यकथांपेक्षा वेगळेपण इथेच आहे. खुनाच्या कथेत माणसं खोटं बोलतात. विज्ञानकथेत जगाचा एक नियम बदललेला असतो, आणि बहुतेक मोठी वळणं त्या नियमातूनच निघतात. म्हणून पहिल्या दोन भागांनंतर तो नियम एका वाक्यात लिहून काढा आणि त्याखाली एकच प्रश्न लिहा: या नियमामुळे आता कशाची खात्री देता येत नाही?

‘वेस्टवर्ल्ड’मधले यंत्रमानव म्हातारे होत नाहीत. मग कशाची खात्री गेली? काळाची. यंत्रमानव असलेली डोलोरेस ज्या दृश्यात आहे ते दृश्य आजचं की तीस वर्षांपूर्वीचं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळूच शकत नाही. उद्यानात आलेला तरुण पाहुणा विल्यम आणि काळ्या पोशाखातला म्हातारा माणूस कधीही समोरासमोर येत नाहीत, दोघांच्या दृश्यांत सामाईक असतात ते फक्त यंत्रमानव. हा धागा प्रेक्षकांना दुसऱ्या-तिसऱ्या भागातच लागला होता. मालिकेने दोघे एकच आहेत हे कबूल केलं ते 4 डिसेंबर 2016 च्या शेवटच्या भागात.

‘सेव्हरन्स’मध्ये शरीर एक, आठवणींचे दोन संच: एक कचेरीतला, एक बाहेरचा. तिथे खात्री जाते ती समोरच्या शरीरात आत्ता कोण जागं आहे याची. ‘डार्क’मध्ये काळात तेहतीस वर्षांच्या उड्या आहेत, 1953, 1986, 2019, तिथे खात्री जाते ती वंशावळीची. ज्या पात्राचे आईवडील कोण हे सांगितलेलं नाही त्याच्या नावासमोर फुली मारायची. शार्लोटचा सांभाळ घड्याळजीने केला, आईवडील अज्ञात. दुसऱ्या सीझनच्या शेवटी कळतं की तिची मुलगी एलिझाबेथ हीच तिची आई. डोकं गरगरतं, पण मालिकेच्या नियमात चपखल बसतं.

हा प्रश्न नीट विचारला तर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मात्र त्रासाचं आहे.

खूण कोणती आणि गफलत कोणती

मी स्वतः सगळ्यात जास्त काळ याच पायरीवर रखडले होते, आणि बहुतेकांचे अंदाज इथेच कोसळतात. पडद्यावर काहीतरी खटकतं. पेला मघाशी भरलेला होता, आता अर्धा आहे. भांग बदलला आहे. पात्र दुसऱ्याच खोलीतून आलं. लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, प्रत्येक गोष्ट मुद्दाम ठेवलेली असते. दुसरा म्हणतो, अहो, चित्रीकरणातली चूक आहे, सोडा. दोघेही आळशी आहेत, कारण दोघांनीही समोरच्या दृश्याकडे न बघताच निकाल दिलेला आहे.

‘डॉक्टर हू’चा 1 मे 2010 रोजी प्रसारित झालेला भाग, ‘फ्लेश अँड स्टोन’. दगडी देवदूताच्या रूपातला राक्षस कालप्रवासी डॉक्टरचा कोट पकडतो, आणि डॉक्टर कोटातून निसटून सुटतो. पुढे तो नुसत्या सदऱ्यात वावरतो. डोळे मिटून बसलेल्या एमीचा, त्याच्या सहप्रवासिनीचा, निरोप घेऊन तो जातो, आणि क्षणभराने परत येऊन तिच्याशी फार हळुवारपणे बोलतो. या वेळी त्याच्या अंगात कोट आहे. अनेकांनी ही चूक म्हणून सोडून दिली. 26 जूनच्या ‘द बिग बँग’मध्ये उलगडा झाला: परत आलेला डॉक्टर त्या क्षणातला नव्हताच, तो पुढच्या काळातून मागे आला होता.

मग हे आधी कसं ओळखायचं? कोट हरवणं ही त्या भागातली घटना होती. कॅमेऱ्याने ती दाखवली, कथा तिच्यावरून पुढे गेली. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही, त्यामुळे चुका होतात हे खरं, पण त्या होतात जिथे कोणाचं लक्ष नसतं तिथे: पेला, भांग, मागच्या भिंतीवरचं घड्याळ. जी वस्तू घालवण्यासाठी अख्खं दृश्य लिहिलं, ती परत अंगावर आलेली दिग्दर्शकाला दिसली नाही, वेशभूषावाल्यांना दिसली नाही, संकलकालाही दिसली नाही, हे संभवत नाही. म्हणून माझी पहिली कसोटी: कथेने स्वतः या गोष्टीकडे आधी बोट दाखवलं होतं का? दाखवलं असेल तर खूण धरा. नसेल तर कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली म्हणून सोडून द्या.

दुसरी कसोटी पैशांची. त्या गोष्टीसाठी कोणाला मुद्दाम काम करावं लागलं का? ‘वेस्टवर्ल्ड’मध्ये विल्यम उद्यानात येतो तेव्हा दिसणारं बोधचिन्ह जुन्या वळणाचं आहे, उद्यानाच्या कंपनीत काम करणाऱ्या बर्नार्डच्या कचेरीतलं नव्या. दोन बोधचिन्हं कोणीतरी बसून आखली, पाट्यांवर लावली. असं नजरचुकीने होत नाही. विमान कोसळून बेटावर अडकलेल्यांच्या ‘लॉस्ट’मध्ये, तिसऱ्या सीझनच्या शेवटी, नायक जॅक ज्या अंत्यसंस्कारगृहात जातो त्याच्या पाटीवर ‘हॉफ्स-ड्रॉलर’ असं विचित्र नाव आहे; इंग्रजी अक्षरांची जुळवाजुळव केली की ‘फ्लॅश फॉरवर्ड’ मिळतं. म्हणजे आपण पाहतोय तो भूतकाळ नसून पुढचा काळ आहे. पाटी रंगवायला कष्ट पडले आहेत, पाटी वाचा. (अक्षरं फिरवून दुसरं नाव काढण्याचा नाद मात्र प्रत्येक पात्रावर करू नका. पुरेशी अक्षरं असली की कशातूनही काहीही निघतं.)

याच कसोटीची उलटी बाजू लोक विसरतात. काही गोष्टी कथेबाहेरच्या नाइलाजातून येतात. ‘लॉस्ट’मधला छोटा वॉल्ट विलक्षण शक्तीचा मुलगा आहे असं सुरुवातीला दाखवलं, मग तो कथेतून आक्रसत गेला. त्यावर लोकांनी इमलेच्या इमले बांधले. कारण साधं होतं: पहिल्या चार सीझनमध्ये बेटावर साधारण शंभर दिवस सरले, कॅमेऱ्यासमोर चार वर्षं, आणि काम करणारा मुलगा भराभर उंच झाला. नटाचं वय, गरोदरपण, दुसऱ्या चित्रपटाच्या तारखा, करार संपणं या शक्यता आधी तपासा. कंटाळवाणं स्पष्टीकरण उपलब्ध असेल तर तेच बहुधा बरोबर असतं.

सगळ्यात फसवं असतं ते ठिगळ. ‘बॅटलस्टार’मध्ये मानवी रूपाच्या सायलॉनांचे नमुने बारा. सात उघड, पाच गुप्त. पण उघड सातांपैकी शेरनचा क्रमांक होता आठ! सात नमुन्यांत आठवा क्रमांक कुठून आला? हिशेब चुकला होता. तो जुळवायला 2009 मधल्या ‘नो एग्झिट’ या भागात सातव्या क्रमांकाचा, नष्ट झालेला डॅनियल नावाचा नमुना सांगून टाकला. तो कलावंत होता असंही वाक्य आलं. दोनच आठवड्यांनी वैमानिक स्टारबकचे वडील पियानोवादक असल्याचं दाखवलं, आणि चाहत्यांनी दोन्हीची सांगड घातली: डॅनियल हाच स्टारबकचा बाप. तर्क देखणा होता. पण निर्माते रोनाल्ड मूर यांना तसं काहीच सुचवायचं नव्हतं. ठिगळ ओळखण्याची खूण अशी: ते एकाच संवादात येतं, आधी उभ्या राहिलेल्या अडचणीचं उत्तर देतं आणि पुढे पात्रं त्याचा विषय काढत नाहीत. खरी खूण नवा प्रश्न उभा करते, ठिगळ जुना प्रश्न बुजवतं.

तिसरी कसोटी: तुमच्या तर्काने आणखी एखादी खटकणारी गोष्ट आपोआप सुटते का? एका किल्लीने दोन कुलपं उघडली पाहिजेत. ‘सेव्हरन्स’च्या दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात (17 जानेवारी 2025) हेली (बाहेरच्या हेलेनाचं कचेरीतलं रूप) सहकाऱ्यांना सांगते की बाहेर तिला रात्री काम करणारा एक माळी भेटला. प्रेक्षकाला माहीत आहे की हे खोटं आहे. ती कंपनीच्या मालकाच्या घरातली आहे हे तिला बाहेर कळलेलं असतं. आता इथे घाई करू नका. खोट्याची दोन कारणं संभवतात. एक, ही हेलीच आहे आणि तिला लाज वाटते. दोन, ही हेली नाहीच, तिच्या वेशात बाहेरची हेलेना आहे. पहिलं कारण फक्त खोट्याचं स्पष्टीकरण देतं. दुसऱ्या कारणाने तिचं बिचकणं, जुन्या माणसांशी वागण्यातला फरक, कंपनीने तिला इतक्या सहज परत येऊ देणं, हे सगळं मार्गी लागतं. चौथ्या भागात, 7 फेब्रुवारीला, तिचा सहकारी इरव्हिंग याने ते उघड केलं, आणि त्यालाही संशय आला तो माळ्याच्या गोष्टीवरून आणि तिच्या बोलण्यातल्या दुष्टपणावरून. स्वभाव बदलला तर तो टिपून ठेवा. लेखक कपड्यांपेक्षा स्वभावाची काळजी जास्त घेतात.

आणखी एक. मालिकेत एखादं वाक्य विशिष्ट प्रकारच्या पात्रांसाठीच राखून ठेवलेलं असेल, तर ते चुकीच्या तोंडून येतं का यावर कान ठेवा. ‘मला यात काहीच दिसत नाही’ अशा अर्थाचं वाक्य ‘वेस्टवर्ल्ड’मधले यंत्रमानव बोलतात. सातव्या भागात तेच बर्नार्ड बोलतो. त्याच्या थोडं आधी समोरचं दार दाखवल्यावर त्याने ‘कोणतं दार?’ असं विचारलेलं असतं. तेवढं पुरे.

अंदाज खोटा ठरेल असा लिहा

‘बर्नार्डमध्ये काहीतरी गडबड आहे’ हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही, म्हणून फेकून द्या. ‘बर्नार्ड यंत्रमानव आहे आणि हे या सीझनमध्येच उघड होईल’ असं लिहा. खाली तारीख टाका. शेजारी, काय दाखवलं तर हा तर्क मी सोडेन, तेही लिहा. ती ओळ सुचत नसेल तर तुमच्याकडे तर्क नाही, हट्ट आहे.

बोलायचं कधी

सोबत पाहणाऱ्याला विचारल्याशिवाय सांगू नका. बरोबर आलेला अंदाज हा स्पॉयलरच असतो, ‘मी फक्त शक्यता सांगितली’ ही पळवाट चालत नाही. 2018 मध्ये ‘वेस्टवर्ल्ड’च्या निर्मात्यांनी चाहत्यांना दुसऱ्या सीझनची सगळी रहस्यं आधीच फोडून देण्याचं आमिष दाखवलं, लोक धावले, आणि व्हिडिओत निघालं इव्हान रेचल वूडच्या आवाजातलं एक जुनं पॉप गाणं. म्हणजे निर्मात्यांनाही आपली सवय ठाऊक आहे. सीझन सुरू असताना त्यांच्या मुलाखतीतल्या खाणाखुणांवर तर्क उभारू नका. जमेला धरायचं ते फक्त पडद्यावरचं.

आणि भाग संपल्यावर ‘मी म्हटलं होतं ना’ म्हणायचं असेल, तर तारीख टाकलेला तो कागद आधी टेबलावर ठेवा.