उद्यानाच्या सुधारणेत रहिवाशांनी आपले म्हणणे केव्हा आणि कसे मांडावे

कोकणातील एखाद्या नगरपरिषदेच्या सभेत उद्यानाच्या सुशोभीकरणाचा विषय मंजूर झाला की दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात निधीचा आकडा छापून येतो, काही महिन्यांनी भूमिपूजनाचा फलक लागतो, मग पत्रे ठोकून प्रवेशद्वार बंद होते आणि ते पुन्हा उघडल्यावरच आत नेमके काय झाले हे आजूबाजूच्या रहिवाशांना कळते. त्यानंतर तक्रारी सुरू होतात : पाणी तुंबते, घसरगुंडी उन्हात तापते, बकुळीचा पार तोडला, ज्येष्ठांना बसायला सावलीच उरली नाही. या तक्रारी रास्त असतात, परंतु तोवर वेळ गेलेली असते. उद्यानात काय होणार हे अंदाजपत्रकाच्या कागदावर ठरते आणि त्या कागदापासून कार्यारंभ आदेश निघेपर्यंतच्या काळातच नागरिकांच्या पत्रामुळे काही बदलू शकते.

आमच्या प्रभागातील लहान उद्यानात हे मी जवळून पाहिले. नव्या झोपाळ्याची साखळी दुसऱ्याच पावसाळ्यात गंजली. सर्वांत वरची कडी, जिथे लोखंडावर लोखंड घासते, ती झिजून जेमतेम अर्धी उरली होती आणि बोट लावले की तांबडी पूड हाताला लागत होती. कार्यालयात गेलो तेव्हा ठेकेदाराचे अंतिम देयक अदा झाल्याचे सांगण्यात आले. पुढे माहिती अधिकारात करारनाम्याची प्रत मिळाल्यावर दिसले की दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातील दोषांची जबाबदारी ठेकेदारावर राहते ती मुदत, संपायला अजून चार महिने होते आणि दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करणे बंधनकारक होते. साखळी बदलून मिळाली. मात्र अंदाजपत्रकात त्या साखळीचा प्रकारच लिहिलेला नव्हता, हे आम्ही आधी वाचले असते तर एवढा खटाटोप करावाच लागला नसता.

फाईल कुठे आहे ते आधी शोधावे

पहिले काम म्हणजे विषय कोणत्या टप्प्यावर आहे याची खात्री करणे. साधारण क्रम असा असतो : सभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. निधी कुठून येतो हेही विचारावे, कारण जिल्हा नियोजन समितीचा, नगरोत्थान महाअभियानाचा किंवा वैशिष्ट्यपूर्ण योजनेचा निधी असेल तर काही अटी त्या योजनेतूनच येतात आणि त्या बदलण्याचा अधिकार नगरपरिषदेला नसतो. बांधकाम विभागात नगर अभियंत्यांना किंवा कनिष्ठ अभियंत्यांना भेटून शांतपणे विचारल्यास ही माहिती बहुतेक वेळा तोंडी मिळते. निविदा निघाली असेल तर महाटेंडर्स या शासकीय संकेतस्थळावर तिची कागदपत्रे पाहता येतात आणि त्यांतच कामाच्या बाबी व परिमाणे दिलेली असतात. नगरपरिषदेत निवडून आलेले सदस्य असोत वा प्रशासक असोत, ही कार्यालयीन वाट सारखीच असते. फरक एवढाच की सदस्य असतील तेव्हा आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना पत्राची प्रत देऊन विषय सभेपुढे आणण्याची विनंती करता येते.

जागा खरोखर उद्यानाची आहे का, हेही विकास आराखड्यात पाहून घ्यावे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आराखड्यात उद्यानाचे आरक्षण दाखवलेले असते आणि त्यात बदल करायचा झाल्यास कलम ३७ प्रमाणे सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याच्या आत हरकती व सूचना मागवाव्या लागतात. अशी सूचना कोपऱ्यातल्या बारीक टायपात येते, म्हणून मोहल्ल्यातील किंवा वाडीतील एकाने तरी वृत्तपत्रातील जाहीर नोटिसा नेमाने वाचण्याची जबाबदारी घ्यावी. सुधारणेच्या नावाखाली उद्यानाच्या जागेत दुसरीच इमारत येत असेल तर रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे. बेंगळुरूमधील उद्यानाची जागा खासगी रुग्णालयासाठी देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अमान्य केला, तेव्हा त्या परिसरातील रहिवाशांचा हा हक्क स्पष्टपणे मान्य झाला होता.

किनाऱ्यालगत किंवा खाडीकाठी उद्यान असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरील निर्बंधांचा, प्रश्न येतो. ना-विकास पट्ट्यातही बाग, मैदान अशा वापराला अधिसूचनेत वाव आहे, परंतु त्यासोबत उपाहारगृह, पक्के सभामंच, काँक्रीटची भिंत असे काही येत असेल तर महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी घेतली आहे का, हे लेखी विचारावे. परवानगीविना सुरू झालेले काम मध्येच थांबले तर अर्धवट चौथरा वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो, आणि त्याचा त्रास रहिवाशांनाच होतो.

अंदाजपत्रक कोकणच्या डोळ्यांनी वाचावे

या टप्प्याला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. अंदाजपत्रके राज्याच्या दरसूचीवरून, म्हणजे प्रत्येक बाबीचे ठरलेले वर्णन व दर देणाऱ्या यादीवरून, तयार होतात. दरसूचीतील बाब बरोबर असली तरी ती समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर टिकेल असे नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने खारा वारा असतो. त्यामुळे खेळणी व ओपन जिमच्या बाबीपुढे केवळ ‘लोखंडी, रंगकामासह’ एवढेच लिहिलेले असेल तर तिथेच हरकत घ्यावी. गॅल्व्हनाइज्ड पाइप आहे का, वेल्डिंगनंतर सांध्यांना संरक्षक लेप आहे का, बोल्ट कोणत्या धातूचे आहेत, हे विचारावे. स्टेनलेस स्टील म्हटले तरी त्यात ३०४ आणि ३१६ असे वेगळे दर्जे असतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते खाऱ्या हवेत अधिक तग धरते, पण महागही असते. सगळीकडे त्याचा आग्रह धरण्याऐवजी साखळ्या, बोल्ट आणि हातात धरायचे भाग यांच्यापुरता तो धरला तर मान्य होण्याची शक्यता वाढते.

त्यानंतर पाण्याचा निचरा पाहावा. पेव्हर ब्लॉकचे चौरस मीटर अंदाजपत्रकात ठळक दिसतात. त्यांच्याखालून पाणी कुठे जाणार, उतार कोणत्या बाजूला आहे, गटाराचे तोंड कुठे आहे आणि ते पुढे कोणत्या पऱ्याला मिळते, याची बाब अनेकदा नसतेच. पेव्हरवर सावलीत शेवाळ धरते आणि भल्या सकाळी फिरायला येणारी वयस्कर माणसे तिथेच घसरतात. म्हणून झाडांखालच्या पायवाटेसाठी खडबडीत पृष्ठभागाचा जांभा चिरा किंवा तत्सम पर्याय सुचवणे योग्य ठरते. चिरा पाणी शोषतो, स्थानिक आहे आणि खराब झालेला एकच चिरा काढून बदलता येतो. संपूर्ण उद्यान फरसबंद करण्यास मात्र स्पष्ट विरोध नोंदवावा, कारण पावसाचे पाणी मुरवणारी मोकळी माती हीच अशा उद्यानाची खरी सोय असते.

झाडांबाबत दोन गोष्टींची काळजी घ्यावी. बुंध्याला भिडवून काँक्रीट ओतले की मुळांना हवा व पाणी मिळत नाही आणि झाड वादळात उन्मळते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, आणि तेवढे अंतर आपणही मागावे. दुसरी गोष्ट म्हणजे झाडतोड. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे झाड तोडण्यास परवानगी लागते. २०२१ च्या सुधारणेनंतर ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष मानले जाते. उद्यानातील जुन्या वड, आंबा, फणस, बकूळ, उंडी यांची छायाचित्रांसह यादी काम सुरू होण्याआधीच करून कार्यालयात दाखल करावी, म्हणजे नंतर ‘इथे झाड नव्हतेच’ असे कोणी म्हणू शकत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने किनाऱ्यावर किती झाडे आडवी केली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. नव्या लागवडीत ठिसूळ फांद्यांच्या शोभिवंत झाडांपेक्षा उंडी, करंज, बकूळ अशी इथल्या वाऱ्याशी जुळलेली झाडे मागावीत.

प्रवेशद्वारापाशी रॅम्प असेल तर त्याचा उतार १:१२ पेक्षा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी यापेक्षा, तीव्र नसावा. चाकाच्या खुर्चीला आणि बाळाच्या गाडीलाही तेवढा लागतो. दिवे, शौचालय, पिण्याचे पाणी यांच्या बाबतीत ते बसवण्याइतकेच त्यांची देखभाल कोण करणार हे विचारणे गरजेचे आहे.

रहिवाशांचे म्हणणे एकत्र करताना

एकट्याच्या पत्रापेक्षा वीस घरांच्या सहीचे पत्र अधिक वजनदार असते. पण सह्या गोळा करण्याआधी माणसांना ऐकून घ्यावे. सकाळी सहाला फिरणारे, दुपारी सावलीला बसणारे रिक्षावाले, संध्याकाळी नातवंडांना घेऊन येणाऱ्या आज्या आणि रात्री उद्यानाच्या भिंतीलगत राहणारी कुटुंबे यांच्या गरजा एकमेकींना छेद देतात. फिरणाऱ्यांना रात्री उशिरापर्यंत दिवे हवे असतात, तर भिंतीलगतच्या घरांना त्यांचाच त्रास होतो. हा मतभेद पत्रात लपवू नये. दिवे दहा वाजता बंद करावेत किंवा त्यांची दिशा आत वळवावी, असा तोडगा आपणच सुचवला तर अधिकाऱ्यांचे काम सोपे होते. गणपतीला आणि शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांचेही मत घ्यावे, मात्र वर्षभर उद्यान वापरणाऱ्यांचे म्हणणे अग्रक्रमाने मांडावे. मागण्या चार-पाचच ठेवाव्यात.

पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या नावे असावे आणि विषय नेमका असावा, उदाहरणार्थ : ‘प्रभागातील उद्यानाच्या सुधारणेच्या अंदाजपत्रकात पावसाळी निचऱ्याची बाब समाविष्ट करणेबाबत.’ मजकूर असा लिहिता येईल : ‘महोदय, सदर उद्यानाच्या दक्षिण बाजूस पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते. सोबत गेल्या जुलै महिन्यातील तीन छायाचित्रे जोडली आहेत. प्रस्तावित कामात फरसबंदीची बाब असून गटाराची बाब दिसत नाही. तरी निविदा प्रसिद्ध होण्यापूर्वी प्रत्यक्ष स्थळपाहणी करून निचऱ्याची तरतूद करावी आणि पाहणीच्या वेळी आम्हांस उपस्थित राहण्याची संधी द्यावी, ही विनंती.’ पत्र आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नये. मोबाइलवर पाठवलेला संदेश कितीही लवकर वाचला गेला तरी फाईलमध्ये लागत नाही.

उत्तर न मिळाल्यास

पंधरा-वीस दिवसांनी त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे. त्यानंतरही शांतता असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, एका अर्जात एकच विषय ठेवावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवावा. ‘काम निकृष्ट का झाले’ असा प्रश्न विचारल्यास काहीच मिळत नाही. मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, करारनामा आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) यांच्या प्रती मागाव्यात. या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, ज्याचा वापर फारच कमी लोक करतात. ३० दिवसांत माहिती न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथेही हा विषय नेता येतो. ठराव बेकायदेशीर वा लोकहिताला बाधक आहे असे वाटत असेल तर नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी स्थगित करण्याची विनंती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. हा शेवटचा उपाय समजावा, कारण स्थगिती मिळाली की चांगले कामही त्याबरोबर अडकते.

काम चालू असताना आणि नंतर

काम मिरगाच्या आत संपेल असा कार्यक्रम ठेकेदाराकडून लेखी मागावा, कारण जूनमध्ये उकरलेली माती ऑगस्टपर्यंत रस्त्यावर वाहत राहते. आठवड्यातून एकदा दोघांनी जाऊन छायाचित्रे काढावीत. मजुरांशी वाद घालू नये, काही खटकले तर ते कनिष्ठ अभियंत्यांना लेखी कळवावे. उद्यान उघडल्यावर पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन आत जावे, पाणी कुठे थांबते तिथे खडूने नव्हे तर काठी रोवून खूण करावी आणि पाऊस थांबल्यावर किती वेळाने ते ओसरले याची नोंद ठेवावी. करारनाम्यातील दोषदायित्वाच्या शेवटच्या तारखेच्या दोन महिने आधी अशा सर्व नोंदी, गंजलेल्या भागांची छायाचित्रे आणि आवक क्रमांकांची यादी जोडून एकच सविस्तर पत्र द्यावे व त्यात संयुक्त पाहणीची तारीख मागावी. त्या पाहणीला साखळीची वरची कडी हाताने फिरवून बघणारा एक जण नक्की सोबत असावा.