दुसऱ्या राज्यात निवृत्तीचे घर: मॅन्युफॅक्चर्ड होम कम्युनिटी निवडण्यापूर्वीची तयारी

न्यू जर्सीतले दुमजली घर विकावे, त्यातल्या थोड्या रकमेत फ्लोरिडात एकमजली मॅन्युफॅक्चर्ड होम (कारखान्यात बांधून जागेवर आणून बसवलेले घर) घ्यावे आणि उरलेली शिल्लक उतारवयासाठी ठेवावी, हा हिशेब कागदावर सोपा दिसतो आणि पुष्कळदा तो बरोबरही असतो. पण हा व्यवहार नेहमीच्या घरखरेदीपेक्षा मुळातच वेगळा आहे. अशा घरांच्या बहुतेक वसाहतींमध्ये, म्हणजे कम्युनिटींमध्ये, घर आपल्या मालकीचे असते आणि त्याखालची जमीन दुसऱ्याची असते. त्या जमिनीचे दरमहा भाडे, म्हणजे लॉट रेंट, आपण तिथे राहतो तोवर आणि आपल्यामागे वारस घर विकेपर्यंत द्यावे लागते. म्हणून तयारीचा क्रम असा ठेवावा: आधी जमिनीचा मालक आणि त्याची कागदपत्रे, मग वारा आणि पाणी, मग खुद्द घर, आणि या सगळ्याबरोबरच औषधोपचाराची सोय. स्वयंपाकघर केवढे आहे आणि क्लबहाऊसमध्ये तरणतलाव आहे का, हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी शेवटी विचारावेत.

पहिला कागद म्हणजे प्रॉस्पेक्टस. फ्लोरिडाच्या कायद्याचे ७२३ वे प्रकरण अशा कम्युनिटींना लागू होते आणि २६ किंवा अधिक लॉट असलेल्या कम्युनिटीच्या मालकाला प्रॉस्पेक्टस तयार करून राज्याकडे दाखल करावे लागते. भाडे कोणत्या आधारावर वाढेल (महागाई निर्देशांक, आसपासचा बाजारभाव, की दोन्ही), पाणी, मैलापाणी आणि कचरा यांचे पैसे भाड्यात धरलेले आहेत की वेगळे, मालकाला भराव्या लागणाऱ्या करांचा आणि सरकारी खर्चांचा कोणता वाटा रहिवाशांकडून वसूल होऊ शकतो, हे सारे त्यात लिहिलेले असते. दलाल तोंडी काय सांगतो याला येथे किंमत नाही. तो कागद घरी आणून शांतपणे वाचावा, न समजलेल्या कलमांवर खुणा कराव्यात आणि फ्लोरिडात वकिली करणाऱ्या, या प्रकरणाची सवय असलेल्या वकिलाला एकदा दाखवावा. न्यू जर्सीतला आपला नेहमीचा वकील कितीही चांगला असला तरी हे काम त्याचे नव्हे.

जुने घर त्याच्या सध्याच्या मालकाकडून घेत असाल तर आणखी एक गोष्ट विचारावी. विकणाऱ्याच्या भाडेकराराची उरलेली मुदत आपल्याकडे येते, पण ती संपल्यावर जमीनमालक भाडे नव्या पातळीवर नेऊ शकतो. त्यामुळे आज विकणारा जे भाडे देतो तेच आपले भाडे असे धरू नये. पुढच्या करारातली रक्कम जमीनमालकाकडून लेखी घ्यावी.

यानंतर आकडेमोड, आणि येथे घाई करू नये. समजा, लॉट रेंट महिना ८०० डॉलर आहे आणि ते दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले, तर दहा वर्षांनी ते सुमारे १,३०० आणि वीस वर्षांनी २,१०० डॉलरच्या वर जाते. पासष्टाव्या वर्षी घर घेणाऱ्याने पंच्याऐंशीव्या वर्षाचा आकडा समोर ठेवून निर्णय घ्यायला हवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे गणित दोघांच्या उत्पन्नावर न करता एकाच्या उत्पन्नावर करावे, कारण पती-पत्नींपैकी एकजण गेल्यावर सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी निवृत्तिवेतनाच्या) दोन रकमांपैकी मोठी तेवढी राहते, लॉट रेंट मात्र अर्धे होत नाही. मुंबईत पागडीच्या घरात वाढलेल्या वाचकांना परक्याच्या जागेत आयुष्य काढणे नवीन वाटणार नाही, पण पागडीत भाडे जवळजवळ गोठलेले असे. येथे तसे संरक्षण नाही. भाडेवाढीची लेखी सूचना ९० दिवस आधी द्यावी लागते आणि रहिवाशांची समिती मालकाशी बैठक व नंतर मध्यस्थी मागू शकते, पण कायद्याने भाड्याला ठरावीक टक्क्यांची कमाल मर्यादा घातलेली नाही.

जमीनमालक कोण आहे, हेही पाहावे. काही कम्युनिटी एका कुटुंबाच्या असतात, काही शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांच्या, आणि काही रहिवाशांनीच सहकारी पद्धतीने विकत घेतलेल्या असतात. शेवटच्या प्रकारात घराबरोबर सहकारी संस्थेतला हिस्सा घ्यावा लागतो आणि सुरुवातीची रक्कम वाढते, पण मासिक खर्च रहिवासी स्वतः ठरवतात. ज्यांची शिल्लक परवानगी देते त्यांनी आधी अशाच कम्युनिटी शोधाव्यात असे मला मनापासून वाटते. मालकाने कम्युनिटी स्वतःहून विक्रीस काढली तर फ्लोरिडात रहिवाशांच्या संघटनेला तीच किंमत देऊन ती घेण्यासाठी ४५ दिवसांची संधी मिळते, परंतु कोणी बाहेरून येऊन न मागता प्रस्ताव दिला तर तो हक्क तसा उरत नाही. म्हणून तिथे रहिवाशांची नोंदणीकृत संघटना आहे का, ती जागती आहे का, हे तिच्या पदाधिकाऱ्यांना भेटून पाहावे. जमिनीचा वापर बदलायचा ठरला तर किमान सहा महिन्यांची सूचना देऊन रहिवाशांना उठवता येते. असे घर उचलून दुसरीकडे नेणे खर्चाचे असते आणि जुने घर अनेक कम्युनिटी स्वीकारतही नाहीत. ज्या कम्युनिटीभोवती नवे मॉल आणि उंच इमारती उभ्या राहत आहेत, तिथे हा प्रश्न अधिक जपून विचारावा.

वयाची अट बहुतेकांना ठाऊक असते, तिचे परिणाम नसतात. १९९५ च्या संघराज्यीय कायद्यानुसार ५५ वर्षांपुढची कम्युनिटी म्हणवून घेण्यासाठी वस्ती असलेल्या किमान ८० टक्के घरांत निदान एक व्यक्ती ५५ किंवा त्याहून अधिक वयाची असावी लागते. उरलेल्या घरांबाबत प्रत्येक कम्युनिटी आपले नियम करते. पतीचे वय ६४ आणि पत्नीचे ५२ असेल, तर पतीच्या पश्चात पत्नीला राहता येईल का, हे लेखी विचारावे. आपल्यामागे घर मुलाच्या नावे झाले तरी चाळिशीतल्या मुलाला तिथे राहता येईलच असे नाही. त्याला बहुधा ते विकावे लागते, आणि विक्री होईपर्यंत लॉट रेंट भरत राहावे लागते.

आपल्या कुटुंबांसाठी याहून नाजूक कलम पाहुण्यांचे आहे. बहुतेक कम्युनिटींमध्ये पाहुण्याने वर्षातून किती दिवस राहावे याला मर्यादा असते. पुण्याहून बहीण-मेहुणे व्हिजिटर व्हिसावर आले, तर ते विमानाच्या तिकिटाचा खर्च पाहून पाच-सहा महिने राहण्याच्या तयारीने येतात. मुलीच्या बाळंतपणानंतर नातवंडाला काही आठवडे आजी-आजोबांकडे ठेवणे आपल्याकडे सहज घडते. दोन्ही गोष्टी नियमात बसत नसतील तर पुढे ऑफिसकडून चिठ्ठी येते आणि मन कडू होते. म्हणून पाहुण्यांचे दिवस, लहान मुलांना तलावात उतरण्याच्या वेळा आणि क्लबहाऊस खाजगी कार्यक्रमासाठी मिळते का, हे नियमपुस्तिकेतून वाचून घ्यावे. सत्यनारायणाला चाळीस माणसे बोलवायची असतील तर त्यांच्या गाड्या कुठे उभ्या राहतील, हा प्रश्नही याच यादीत येतो.

आता वारा आणि पाणी. मॅन्युफॅक्चर्ड होमसाठी संघराज्याचे बांधकाम मानक १५ जून १९७६ पासून लागू झाले. त्यापूर्वीची घरे कितीही रंगवलेली असली तरी टाळावीत. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडात अशा घरांची जी दैना केली, त्यानंतर वाऱ्याचे नियम कडक झाले आणि जुलै १९९४ पासून अमलात आले. संपूर्ण फ्लोरिडा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वारा-विभागात मोडतो; तिसरा सर्वांत जोराच्या वाऱ्याचा. मायामी-डेड, ब्रॉवर्ड, कॉलियर आणि ली यांसारख्या काउंटी तिसऱ्यात आहेत. घर कोणत्या विभागासाठी बांधले आहे हे आतल्या डेटा प्लेटवर छापलेले असते. ही प्लेट स्वयंपाकघराच्या कपाटात, बेडरूमच्या कपाटात किंवा विजेच्या पॅनेलजवळ चिकटवलेली सापडते. बाहेरच्या बाजूला प्रत्येक भागावर लाल धातूची पट्टी असते, म्हणजे डबल-वाइड (दोन भाग जोडून केलेल्या) घराला दोन. दोन्हींचे फोटो काढून ठेवावेत, कारण विमा आणि कर्ज देणारे ते मागतात. १९९४ नंतरचे घर मिळत असताना किमतीसाठी त्याआधीचे घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याचा धोका वाऱ्यापेक्षा वेगळा तपासावा. २०२४ मध्ये हेलीन आणि मिल्टन ही चक्रीवादळे दोन आठवड्यांच्या आत आली. हेलीनने टॅम्पा परिसराच्या किनारी वस्त्यांत समुद्राचे पाणी घातले आणि मिल्टनने त्यामागून वारा व पाऊस आणला. फेमाच्या (संघराज्याच्या आपत्ती-निवारण संस्थेच्या) पूरनकाशावर त्या लॉटचा पत्ता टाकून पूरविभाग पाहावा, आणि त्याबरोबर शेजाऱ्यांना त्या दोन वादळांत पाणी कुठवर आले होते ते विचारावे. राष्ट्रीय पूरविम्याला साधारणपणे ३० दिवसांची प्रतीक्षा असते, तेव्हा वादळाची बातमी आल्यावर तो घेऊन उपयोग नाही. फ्लोरिडात काउंटीचे स्थलांतराचे आदेश निघतात तेव्हा मॅन्युफॅक्चर्ड होममध्ये राहणाऱ्यांना पूरविभाग कोणताही असला तरी बाहेर पडायला सांगितले जाते. तेव्हा कुठे जायचे, गाडी कोण चालवणार, इन्सुलिन थंड कसे ठेवायचे, ऑक्सिजनचे यंत्र असेल तर काउंटीच्या विशेष गरजांच्या निवाऱ्यात नाव आधी नोंदवले आहे का, हे घर घेण्यापूर्वीच ठरवावे. ज्याला दरवर्षी अशी धावपळ झेपणार नाही त्याने किनारा सोडून आतल्या भागातली कम्युनिटी पाहावी, किंवा मॅन्युफॅक्चर्ड होमचा विचारच सोडावा.

घराची तपासणी अशा घरांची माहिती असलेल्या निरीक्षकाकडूनच करून घ्यावी आणि त्याला घराखाली उतरायला सांगावे. आधाराचे खांब सरळ आहेत का, जमिनीला बांधून ठेवणारे टाय-डाउन पट्टे गंजले आहेत का, खालचे आच्छादन फाटून ओल वर चढली आहे का, बाथरूमजवळची जमीन पायाखाली दबते का, छतावर नंतर दुसरे छत बसवले आहे का, आणि कारपोर्ट (गाडीवरचे छप्पर) व लनाई (छप्पर असलेला व्हरांडा) परवाना घेऊन बांधले आहेत का, या गोष्टी अहवालात याव्यात. १९७८ ते १९९५ च्या दरम्यानच्या घरात करड्या रंगाचे पॉलिब्युटिलीन या प्लास्टिकचे पाइप असण्याची शक्यता असते. ते फुटतात म्हणून काही विमा कंपन्या नकार देतात. विम्याचा आकडा खरेदीच्या करारापूर्वी लेखी मिळवावा आणि भरपाई पुन्हा बांधण्याच्या खर्चाइतकी मिळेल की घसारा वजा करून, हे नीट विचारावे. भाड्याच्या जमिनीवरच्या घराला वाहनासारखे टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, असते, डबल-वाइडला दोन. ती विकणाऱ्याच्या नावे आहेत आणि त्यांवर कर्जाचा बोजा नाही, याची खात्री करावी. कर्ज हवे असेल तर अशा घरावरचे व्याज सामान्य गृहकर्जापेक्षा जास्त आणि मुदत कमी असते, हे लक्षात ठेवावे.

औषधोपचाराच्या बाबतीत, मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) कोणत्याही राज्यात चालते, पण खाजगी कंपन्यांमार्फत मिळणारी मेडिकेअर अॅडव्हांटेज योजना ठरावीक काउंटींपुरती असते. योजनेला आधी कळवले तर स्थलांतराच्या आदल्या महिन्यापासून स्थलांतरानंतरचे दोन पूर्ण महिने योजना बदलता येते. ही मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवावी. हृदयरोग किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी त्या गावात तो विशेषज्ञ नव्या रुग्णांना घेतो का आणि पहिली भेट किती महिन्यांनी मिळते, हे फोन करून विचारावे. ग्रामीण काउंटीत घर स्वस्त मिळते, पण त्या स्वस्ताईत दवाखान्याचे अंतर धरलेले नसते.

घर पाहायला जानेवारीत जाऊ नये, किंवा गेलात तर ऑगस्टमध्ये पुन्हा जावे. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्या रहिवाशांनी गजबजलेली कम्युनिटी उन्हाळ्यात अर्धी रिकामी होते, आणि वर्षभर राहणाऱ्याला तीच खरी सोबत असते. त्या कम्युनिटीत एखादे घर महिनाभर भाड्याने मिळत असेल तर घ्यावे. जवळचे मराठी मंडळ, मंदिर आणि किराणा दुकान गाडीने किती दूर आहे, आणि गाडी चालवणे बंद झाल्यावर तिथे कसे जायचे, हे या मुक्कामात पाहून घ्यावे. मोदकांची गणेश चतुर्थी आणि भजनाची एकादशी यांसाठी दीड तास गाडी चालवावी लागली, तर ऐंशीव्या वर्षी ती दोन्ही सुटतात.

निघण्याआधी न्यू जर्सीतली कामे संपवावीत. घर विकताना पती-पत्नींना मिळून ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा संघराज्याच्या करातून वगळता येतो. मात्र गेल्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षे ते घर आपल्या मालकीचे असावे आणि त्यातच आपला मुख्य मुक्काम असावा. राज्य सोडताना भरावयाचे विक्रीचे फॉर्म करसल्लागाराकडून आधी समजून घ्यावेत. फ्लोरिडात पोचल्यावर वाहनपरवाना ३० दिवसांत बदलावा, काउंटी क्लर्ककडे अधिवासाचे निवेदन नोंदवावे, आणि मृत्युपत्र, मुखत्यारपत्र व वैद्यकीय निर्णयांचा अधिकार देणारा कागद फ्लोरिडाच्या नियमांनुसार नव्याने करून त्यांच्या प्रती मुलांकडे द्याव्यात. त्याच पाकिटात प्रॉस्पेक्टस, लॉटचा करार, दोन्ही टायटल आणि डेटा प्लेटचा फोटो ठेवावा, म्हणजे आपल्यामागे घर विकण्याची वेळ आली तर मुलांना एकेका कागदासाठी ऑफिसात खेटे घालावे लागणार नाहीत.