जोर नंतर, नजर आधी: सायकल दुरुस्तीतल्या या चुका टाळा

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी माझी सायकल उलटी करून बसलो, की अर्ध्या तासात दोन-तीन पोरं आपापल्या सायकली ढकलत येतात. "काका, जरा बघता का?" सायकल हातात घेतली की कळतं, ती घरी आधीच 'जरा बघून' झालेली आहे. नटाचे कोपरे गोल, चेनवर खोबरेल तेल, ट्यूबवर एकावर एक तीन पॅच. मूळ बिघाड असतो पाच मिनिटांचा. त्यावर झालेली दुरुस्ती निस्तरायला माझी सकाळ जाते.

मी मेकॅनिक नाही. मामाचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, सुट्टीत तिथे पंक्चरच्या घमेल्याशेजारी बसायचो, तेवढीच माझी विद्या. दीड मिनिटाचा व्हिडिओ बघून पाना हातात घेणाऱ्यांनी निदान पहिल्या दोन चुका तरी शेवटपर्यंत वाचाव्यात. बाकीच्या वाचल्या नाहीत तरी फार बिघडणार नाही. म्हणजे बिघडेल, पण स्वस्तात.

डावं पायडल आणि नळाचा पाइप

बी विंगमधला एक मुलगा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नवी पायडलं ऑनलाइन मागवली. उजवं जुनं पायडल निघालं, डावं निघेना. मग पान्याला दोन फुटी नळाचा पाइप अडकवला, मित्राला सायकलवर बसवलं आणि घातला जोर. कट्ट असा आवाज आला. दोघांना वाटलं, निघालं! पायडल हातात आलं खरं, पण त्याच्या आट्यांभोवती क्रँकचं, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचं, ॲल्युमिनिअम स्प्रिंगसारखं गुंडाळून बाहेर आलं होतं. पायडलचा आस पोलादी, क्रँक ॲल्युमिनिअमचा. या झटापटीत कोण हरणार हे ठरलेलंच.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीचा नट जसा सोडवतो तसा पाना फिरवला, तर ते आणखी आवळतं. हा मुलगा वीस मिनिटं पायडल आवळत होता.

उलटे का, हे त्याला पेन्सिलीवर दाखवलं. मूठ सैल ठेवून पेन्सिल धरा आणि तिचं बाहेरचं टोक गोल गोल फिरवा. टोक ज्या दिशेने फिरतं, तिच्या उलट दिशेने पेन्सिल मुठीत स्वतःभोवती सरकते. क्रँकमध्ये पायडलच्या आसाचंही तेच होतं. डावीकडे सरळ आटे दिले असते, तर चालवता चालवता पायडल आपोआप सैल होऊन गळून पडलं असतं. "सर, हे आम्हाला शिकवलंच नाही," म्हणाला. एकदम काकाचा सर झालो, तेवढाच माझा फायदा.

डावं-उजवं, सरळ-उलटं हे लक्षात ठेवायची गरजच नाही. माझी सवय अशी: सायकल सरळ उभी करायची, पाना पायडलच्या आसावर लावून त्याचा दांडा वर उभा ठेवायचा. दांडा मागच्या चाकाकडे ढकलला की सुटतं, पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळतं. दोन्ही बाजूंना हेच. पाना १५ चा, लांब आणि चपटा. काही पायडलांना आतल्या बाजूने एलन कीचं (षटकोनी चावीचं) भोक असतं, तिथे डोकं शांत ठेवा, कारण मागून बघताना दिशा उलटी वाटते. जाम असेल तर आदल्या रात्री दोन थेंब तेल सोडा आणि झोपा. सकाळपर्यंत थांबायची तयारी नसेल तर रिक्षात सायकल घाला आणि दुकानात न्या.

नवीन पायडल बसवताना त्याच्या आसावर बघा, डाव्यावर एल आणि उजव्यावर आर कोरलेलं असतं. ग्रीस लावा आणि पहिले चार फेरे नुसत्या बोटांनी द्या. बोटांनी बसत नसेल तर पान्यानेही बसवायचं नाही: एकतर बाजू चुकलीय, नाहीतर आटे तिरके लागलेत, नाहीतर माप वेगळं आहे. मोठ्यांच्या बहुतेक सायकलींना ९/१६ इंचाचे आटे असतात, एकाच सळईतून वाकवलेल्या क्रँकच्या लहान सायकलींना अर्ध्या इंचाचे.

त्या मुलाला पुढे डावा क्रँक शोधताना घाम फुटला. दुकानदार म्हणायचे, पूर्ण सेट घ्या. शेवटी एका बुधवारी जुन्या बाजारात गेलो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी गर्दी, म्हणून मी बुधवारी जातो. तिथे पोत्यावर मांडलेल्या लोखंडात एक डावा क्रँक मिळाला. घेण्याआधी दोनच गोष्टी पाहिल्या. मागच्या बाजूला कोरलेली लांबी १७० आहे ना, म्हणजे उजव्याइतकीच. आणि मधलं चौकोनी भोक चौकोनीच राहिलंय ना. हे दुसरं महत्त्वाचं. डावा क्रँक सैल झाला, टक-टक आवाज येतोय, तरी "उद्या बघू" म्हणत आठवडाभर चालवला की तो चौकोन गोलसर होतो. मग बोल्ट कितीही आवळा, दुसऱ्या दिवशी टक-टक परत.

जाता जाता: बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे दोन्ही क्रँक जोडणारा आस ज्यात फिरतो त्या भागाची, उजवी वाटीही बहुतेक सायकलींना उलट्या आट्यांचीच असते. पाइप तिथेही लावू नका.

'सव्वीसचा टायर द्या'

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा हळू बोलतो.

साताऱ्याला चुलत भावाकडे निघालो होतो. वहिनींच्या लेडीज सायकलचा टायर फाटलेला, फोनवर विचारलं, कितीचा? "सव्वीसचा." पुण्यातून सव्वीसचा टायर घेतला, एसटीच्या रॅकवर टाकला आणि गेलो. जेवणं झाल्यावर अंगणात बसवायला घेतला. एक बाजू रिमच्या आत जाते, दुसरी काही केल्या वर चढत नाही. टायर लिव्हर लावले, मग स्क्रू ड्रायव्हर लावला, मग दुसरा स्क्रू ड्रायव्हर. पहिली ट्यूब चिमटून फाटली. भावाने शेजाऱ्याकडून दुसरी आणली, तीही गेली. रात्री अकराला हाताची सालटं निघाली तेव्हा टॉर्च मागवून टायरवरचे आकडे वाचले. नव्यावर २६ × १.७५, जुन्यावर २६ × १ ३/८. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, पुण्यात टायर मोजून देत नाहीत का?"

देतात. मोजायला मी सांगितलंच नव्हतं. गणितात दीड आणि १.५ एकच, टायरवर नाही. पूर्णांक-अपूर्णांकात लिहिलेलं माप आणि दशांशात लिहिलेलं माप यांच्या रिम वेगळ्या. २६ × १.७५ हा माउंटन बाइकचा टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो, २६ × १ ३/८ हा ५९० च्या. ३१ मिलिमीटरचा फरक जोराने भरून निघत नाही. दोघांच्या अंगावर २६ मात्र ठळक छापलेलं.

त्या ठळक आकड्याकडे बघूच नका. टायरच्या कडेवर बारीक अक्षरात ३७-५९० असा जोडआकडा असतो. पहिला रुंदीचा, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. पहिल्यात थोडं इकडेतिकडे चालतं, फक्त चिमट्याला (चाक धरणाऱ्या फोर्कला) आणि मडगार्डला घासायला नको. साध्या काळ्या सायकलचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५. हायब्रिडचा ७०० सी म्हणजे ६२२, आणि गंमत अशी की एकोणतीसची म्हणून विकली जाणारी माउंटन बाइकही ६२२ च. साडेसत्तावीस म्हणजे ५८४. ७०० सी च्या काही टायरांवर २८ सुद्धा लिहिलेलं असतं, तो काळ्या सायकलला आणून बघणारे मला दरवर्षी एक-दोन भेटतात.

आकडा झिजून गेला असेल तर जुना टायर खांद्याला अडकवून दुकानात जा. लाज वाटते म्हणून फोटो घेऊन जाणारे आहेत. फोटोत व्यास मोजता येत नाही.

पार्ट शोधताना

हीच गोष्ट प्रत्येक पार्टची: जुना पार्ट फेकू नका, पिशवीत घालून न्या. रिम घ्यायची तर आधी आरे मोजा. साध्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० ही जुनी पद्धत. गिअरच्या सायकलींना बऱ्याचदा दोन्हीकडे ३६ किंवा ३२. सिंगल स्पीडची चेन १/८ इंच रुंद, गिअरची ३/३२ किंवा त्याहून अरुंद. रुंद चेन गिअरवर घालून "गिअर पडत नाहीत" म्हणून येऊ नका.

छर्ऱ्यांचं तर विचारू नका. बहुतेक सायकलींना मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) पाव इंची, एका बाजूला नऊ. पुढच्यात ३/१६ चे, एका बाजूला दहा. एक हरवला म्हणून जुन्या आठांत नवा एक मिसळू नका. नवा किंचित मोठा असतो, सगळा भार त्यावर येतो. अख्खा संच बदला, महाग नसतो. आणि हब उघडण्याआधी खाली जुनी चादर अंथरा. फरशीवर उघडून नंतर कपाटाखाली झोपलेले लोक मी पाहिलेत.

"कंपनी बंद पडली, आता पार्ट कुठून मिळणार?" हाही एक ठरलेला प्रश्न. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला थांबला, नेमका जागतिक सायकल दिनी. म्हणून आजोबांची ॲटलस भंगारात घालू नका. काळी सायकल कुठल्याही नावाची असो, ठेवण जवळपास एकच, आणि तिच्या वाट्या, कोन (हबमधले छर्रे दाबून धरणारे शंकूसारखे नट), कॉटर पिना (क्रँक आसावर अडकवणाऱ्या खिळ्या), ब्रेक शू लुधियानाहून अजून पेट्या भरून येतात. मॉलमधल्या चकचकीत दुकानात विचारलंत तर अर्थातच 'नाही' म्हणतील. पेठेतल्या, बाहेर टायर टांगलेल्या दुकानात विचारा, आणि दुपारी दोननंतर विचारा. सकाळी शाळेच्या सायकलींची गर्दी असते, म्हातारा मालक काउंटरवर नसतो, आणि कुठल्या खोक्यात काय आहे हे फक्त त्यालाच माहीत असतं.

पंक्चर

पॅच सुटतो तो घाईने. पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशन पातळ लावा आणि थांबा. बोटाला ओलं न लागता नुसतं चिकटल्यासारखं वाटलं की मगच पॅच. फुंकर मारून वाळवणाऱ्यांच्या तोंडातली वाफ पॅचखाली जाते.

ट्यूब काढल्या काढल्या टायरच्या आतून बोटं फिरवा, हळू. बाभळीचा काटा नाहीतर ट्रकच्या फाटलेल्या टायरची बारीक तार अजून तिथेच असते. हे न केल्यामुळे एकाच ठिकाणी तीन पॅच. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर काटा शोधू नका, हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. भोक आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे.

आणि ट्यूब काढण्याआधी, कृपा करून, व्हॉल्व्हवर थुंकीचा एक थेंब लावा. बुडबुडा आला तर पंक्चर नाहीच. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमधली ती रबरी नळी चिरलेली असते, चिल्लरीत मिळते. पंपावरच्या मोठ्या कॉम्प्रेसरने हवा भरून ट्यूब फोडणाऱ्यांना मी आता काही सांगत नाही.

उरलेल्या

गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नव्हे. आहे तेही धुऊन नेतो. खाण्याचं तेलही नको, महिन्याभरात डिंक होतो. चेन जुनी झाली का, हे फूटपट्टी सांगते: एका पिनीच्या मध्यापासून बारा जोड (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक) मोजले की बारा इंच यायला हवेत. १/१६ इंच जास्त भरलं तर चेन बदला. १/८ भरलं तर दातांनाही झीज लागलीय, खर्च वाढला.

स्क्रू पाना (जबडा कमी-जास्त होणारा) घरात असू द्या, सायकलला लावू नका. गोल झालेले निम्मे नट त्याची कृपा आहे.

फ्री व्हील (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) काढायचा रिमूव्हर खाचेत ठेवून हातोडी मारू नका. आसाच्या नटाने तो जागेवर दाबून धरा, रिमूव्हर व्हाइसमध्ये पकडा आणि अख्खं चाक फिरवा. सुटल्याचं कळलं की नट लगेच सैल करा.

आऊट काढताना, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करताना, निपल (आऱ्याच्या रिमकडच्या टोकाचा छोटा नट) एका वेळी पाव फेरा. टायरच्या बाजूने बघत असाल तर घड्याळाप्रमाणे फिरवल्यावर आवळतो, हबच्या बाजूने बघत असाल तर उलट दिसतो. इथे गोंधळलेला माणूस अर्ध्या तासात चाकाची जिलेबी करतो.

डिस्क ब्रेक तेलावर चालणारा असेल, तर चाक काढल्यावर ब्रेक दाबू नका. मुलांना आधी सांगून ठेवा, कारण त्यांना तेच करायचं असतं.

कोन आवळताना घाई नको. चाक घट्ट नको, डुगडुगायलाही नको, आणि हे हाताला कळायला वेळ लागतो. मामाकडे यासाठी एकच कसोटी होती. चाक उचलून धरायचं आणि हलकेच सोडायचं. ते फिरत मंद होत जायचं, थांबतंय असं वाटायचं, मग मागे झुलायचं, पुन्हा पुढे, आणि व्हॉल्व्ह सगळ्यात खाली आल्यावर स्थिर व्हायचं. व्हॉल्व्ह मध्येच कुठेतरी अडून थांबला, की मामा काही न बोलता पाना परत माझ्या हातात द्यायचा.