केमोपोर्ट बसवलाय? मग या चुका टाळा

कॅन्सरच्या केमोच्या डे-केअरमध्ये माझी 14 वर्षं गेली. शिरा शोधण्याचा छळ वाचावा म्हणून पोर्ट बसवतात. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक छोटी डबी, तिच्यावर सिलिकॉनचा पडदा आणि तिथून निघून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत गेलेली नळी. हजारभर टोचण्या सोसण्याइतका तो पडदा दणकट असतो. तरी लोक त्याची वाट लावतात, आणि वर्षानुवर्षं त्याच त्या चुका करून.

पहिली आणि माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे कुणालाही, कुठलीही सुई पोर्टमध्ये घालू देणं. पोर्टला फक्त ह्युबर नीडल चालते. तिचं टोक असं वळवलेलं असतं की ती पडदा बाजूला सारून आत जाते. साधी सुई पडद्याचा बारीक कण कापते आणि ते छिद्र बुजत नाही.

सोलापूरकडचे एक काका होते. दोन केमोंच्या मध्ये अशक्तपणा आला म्हणून गावातल्या दवाखान्यात सलाईन लावायला गेले. हाताला शीर मिळेना. काकांनीच शर्टाची बटणं काढली, "इथून लावा की, यासाठीच तर बसवलाय!" तिथल्या मुलाने साधी सुई खुपसली. सलाईन गेलं, काका खूश. पुढच्या केमोला आमच्याकडे आले. मी ह्युबर लावली, रक्त आलं, फ्लश करायला, म्हणजे सलाईन ढकलून नळी धुवायला घेतलं आणि डोळ्यांदेखत कातडी पुरीसारखी फुगली. नशीब, सिरिंजमध्ये नुसतं सलाईन होतं. केमोचं लाल औषध असतं तर तिथलं मांस जळालं असतं. पोर्ट काढला, दुसऱ्या बाजूला नवा बसवला, केमो दोन आठवडे लांबली. काका म्हणाले, "सिस्टर, सुई ती सुईच ना?" काय उत्तर देणार?

तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटला पोर्टचं कार्ड पाकिटात ठेवायला लावते. समोरच्याकडे ह्युबर नसेल तर शर्टाचं बटण उघडायचं नाही. ज्यांनी पोर्ट कधी हाताळलेला नाही त्यांनी शीर शोधावी, वेळ लागला तर लागू दे.

याचीच सख्खी बहीण म्हणजे लहान सिरिंज. 2 किंवा 5 एमएलच्या सिरिंजने दाब जास्त पडतो आणि नळी फाटू शकते. 10 एमएलपेक्षा लहान सिरिंज पोर्टला लावू नये. फ्लशसुद्धा एका दमात ढकलायचा नाही. थोडं ढकला, थांबा, पुन्हा ढकला. "मागे लाईन आहे" म्हणून घाई करणाऱ्या नवशिक्या पोरींना मी सरळ बाजूला करते.

सिरिंज ओढल्यावर पोर्टमधून रक्त मागे येत नसेल तर "जरा जोर लावून बघू" म्हणणारे महाभाग असतात. जोर लावायचा नाही. पेशंटला हात वर करायला सांगा, खोकायला सांगा, मान दुसरीकडे वळवायला सांगा, आडवं करून बघा. बऱ्याचदा नळीचं टोक शिरेच्या भिंतीला टेकलेलं असतं. तरीही आलं नाही तर केमो सुरू करायची नाही. डॉक्टरांना बोलवा. गुठळी विरघळवणारं औषध असतं, ते त्यांनी ठरवायचं.

केमो संपली की लोक पोर्ट विसरतात. "ताई, दुखत नव्हतं म्हणून आले नाही." अहो, बंद पडणारा पोर्ट दुखत नाही! साधारण दर चार आठवड्यांनी फ्लश लागतो. काही हॉस्पिटलांत आता तीन महिन्यांपर्यंतही चालवतात, तुमचे डॉक्टर सांगतील ते धरा. महिन्याचा असेल तर माझी युक्ती सोपी आहे. कॅलेंडरवर संकष्टीच्या चौकोनात 'पोर्ट' लिहायचं. उपास विसरत नाही, फ्लशही विसरणार नाही. आणि यूट्यूब बघून घरी फ्लश करायच्या फंदात पडू नका.

ताप 100.4 च्या वर गेला किंवा फ्लशनंतर तासाभरात हुडहुडी भरली, तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजता का असेना, हॉस्पिटल गाठा. पोर्टमधलं इन्फेक्शन थेट रक्तात असतं. पोर्टच्या बाजूचा हात किंवा मान सुजली तरी तसंच.

बाकी किरकोळ. बधिर करणारं मलम तासभर आधी जाड थर देऊन लावा, रांगेत बसून चोळू नका. जखमेवर हळद नको. घरी औषधाचा पंप लावून पाठवलं असेल तर सुई निघेपर्यंत ड्रेसिंगवर पाण्याचा थेंब नको. चाळा म्हणून डबी चाचपू नका, ती आत उलटी होऊ शकते. सीटी स्कॅनच्या वेळी पोर्ट पॉवरवाला, म्हणजे मशीनने जोरात ढकललेलं औषध झेलणारा आहे का, हे कार्डावर बघून सांगा.

आणि हो, पोर्ट उजवीकडे असेल तर आपल्याकडे ड्रायव्हरच्या सीटचा बेल्ट बरोबर त्याच्यावरून जातो. बेल्ट काढू नका. मधे लहान नॅपकिनची घडी घाला, नाहीतर शेजारच्या सीटवर बसा, तिथे बेल्ट डाव्या खांद्यावरून येतो.