आईबाबा विसरायला लागलेत, कोणती टेस्ट करून घ्यायची?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं, आणि जेवण झाल्यावर अर्ध्या तासात "जेवायचं कधी" विचारणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं, पेन्शनचा हिशोब अचानक न जमणं वेगळं. असं काही दिसलं तर "वय झालंय" म्हणून सोडून देऊ नका प्लीज.

स्मरणशक्तीची टेस्ट निवडताना सगळ्यात आधी बघायचं की माणूस शिकलाय किती, कारण खरी गडबड इथेच होते. माझी आजी शाळेत गेलीच नव्हती, तिच्या हातात पेन्सिल देऊन एकमेकांत अडकलेले पंचकोन काढायला सांगितले, वाक्य लिहायला सांगितलं, मार्क कमी येणारच ना! तीच आजी तेव्हा दुधाचा महिन्याचा हिशोब तोंडी करायची. ती टेस्ट होती एमएमएसई (MMSE), १९७५ची, ३० मार्कांची, साधारण २४च्या खाली आले की शंका धरतात. शाळा न शिकलेल्यांसाठी तिचंच बदललेलं रूप आहे, एचएमएसई (HMSE, यातला एच म्हणजे हिंदी), हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या लोकांसाठी बनवलेलं, त्यात लिहायवाचायची अट नाही. रुडास (RUDAS) नावाची टेस्ट पण चालते, तिच्यात वाणसामानाची यादी लक्षात ठेवणं, रस्ता कसा ओलांडाल असले प्रश्न असतात, फक्त एक घनाकृती काढावी लागते.

उलट बाबा रिटायर्ड मास्तर किंवा बँकेतले असतील तर एमएमएसईत छान मार्क पडतात आणि सुरुवातीची घसरण लपून जाते. अशांना मोका (MoCA) नावाची टेस्ट बरी, दहाएक मिनिटं लागतात, ३०पैकी २६ किंवा जास्त म्हणजे नॉर्मल धरतात, शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर १ मार्क वाढवून देतात.

फॅमिली डॉक्टरकडे वेळ नसेल तर मिनी-कॉग (Mini-Cog) ही छोटी टेस्ट, ३ शब्द लक्षात ठेवायचे आणि घड्याळाचं चित्र काढायचं, ५पैकी ३च्या खाली आले तर पुढची तपासणी. आणि बाबा "मला काय वेड लागलंय का" म्हणून बसायलाच तयार नसतील तर एडी-८ (AD8), यात ८ प्रश्न घरच्यांना विचारतात, आधीपेक्षा बदल झालाय का एवढंच, २ किंवा जास्त "हो" आले की डॉक्टरकडे जायचं.

टेस्टच्या दिवशी चष्मा, कानाचं मशीन सोबत हवंच, ऐकू न आल्यामुळे पण मार्क जातात. मराठी फॉर्म आहे का ते आधीच विचारा, आपण शेजारी बसून भाषांतर करत राहिलो की नकळत उत्तर सुचवलं जातं. घरी प्रॅक्टिस अजिबात नको. ताप आहे, नुकतंच ॲडमिट होते, झोपेची गोळी चालू आहे, तर डॉक्टरांना सांगा, थोडं थांबावं लागेल.

मार्क कमी आले म्हणजे डिमेन्शियाच (स्मृतिभ्रंशाचा आजार) असं नाही हं, बी-१२ कमी असणं, थायरॉइड, डिप्रेशन यानेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत, त्यामुळे रक्ततपासणी करून घ्याच. टेस्टचा कागद तारखेसकट फाईलला लावा, पुढच्या वेळी तीच टेस्ट करायला सांगा म्हणजे फरक कळेल.