अपघाती मृत्यूचा दावा कोणी करायचा? या चुका टाळा

रस्ते अपघातात घरचा माणूस गेल्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज कोणी करायचा, हे बहुतेक घरांत वारसा कायद्याच्या अर्धवट माहितीवर ठरते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 प्रमाणे हा हक्क मृताच्या कायदेशीर प्रतिनिधींचा आहे व न्यायालयांनी या संज्ञेचा अर्थ बराच व्यापक लावला आहे. हिंदू वारसा कायद्यात वडील पहिल्या वर्गाचे वारस नाहीत, एवढ्या कारणाने त्यांना अर्जातून गाळणे म्हणूनच चुकीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये भावाचा, तर 2021 मध्ये जावयाच्या घरी राहणाऱ्या सासूचाही हक्क मान्य केला.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे एखाद्याचे नाव सोडून देणे. मृताच्या उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च किती वजा करायचा, हे अवलंबून असलेल्यांच्या संख्येवर ठरते: विवाहित व्यक्तीच्या बाबतीत दोन-तीन जण असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. समजा, 33 वर्षांच्या, वर्षाला 2,40,000 रुपये कमावणाऱ्या तरुणाची पत्नी आणि दोन मुले यांनीच अर्ज केला व त्याच्यावर अवलंबून असलेली आई नोंदीवर आलीच नाही; तर 16 च्या गुणकाने (वार्षिक रकमेला मृताच्या वयानुसार ज्या आकड्याने गुणतात, त्याने) हा फरक, भविष्यातील उत्पन्नवाढ न धरताही, 3,20,000 रुपयांचा होतो. एखादा नातेवाईक अर्जदार होण्यास तयार नसेल, तर त्याला सामनेवाला, म्हणजे अर्जातील विरुद्ध पक्ष, करावे. कायद्याला तेच अपेक्षित आहे.

‘लग्न होऊन गेली, आता तिचा काय संबंध?’ हा युक्तिवाद घरातले आणि विमा कंपनीचे वकील सारख्याच उत्साहाने करतात. विवाहित मुलगी अर्ज करू शकते, हे 2007 मध्येच स्पष्ट झाले; 2020 च्या निकालाने विवाहित, कमावत्या मुलांनाही हा मार्ग मोकळा ठेवला. अर्थात, अर्ज करता येणे आणि मोठा वाटा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण वाटपात अवलंबित्वाला वजन असते. विधवेने पुनर्विवाह केला म्हणून तिचा दावा बुडत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटले आहे.

अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, मुलांच्या वतीने पालनकर्त्याने अर्ज करावा. सून आणि सासरे यांचे पटत नसेल, तरी दोन जिल्ह्यांत दोन अर्ज लावू नयेत. त्यात फक्त वेळ जातो. वारस दाखल्यासाठी थांबणेही धोक्याचे आहे, कारण 1 एप्रिल 2022 पासून अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी त्या भरवशावर राहू नये.

मृत्यू रस्त्यावर झालेला नसेल, तर वरचे बरेचसे लागू होत नाही. लोकलमधून पडून मृत्यू झाल्यास दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, साधारणपणे एका वर्षाच्या आत करावा लागतो आणि रेल्वे कायद्याच्या कलम 123 मधील अवलंबितांची यादी बंदिस्त आहे: अवलंबून असलेला अज्ञान भाऊ तिच्यात आहे, सज्ञान भाऊ नाही.